किनाऱ्यावरच्या गावात पहिली पाहणी करताना

तारीख कार्यालयात बसून ठरवू नका. कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, नौका वर ओढलेल्या असतात. तांडेल (नौकेचा प्रमुख) आणि नौकामालक निवांत भेटतात, पण बाहेरगावचे खलाशी तेव्हा आपापल्या गावी गेलेले असतात. म्हणून बंदीत एक फेरी आणि हंगामात दुसरी, अशा दोन फेऱ्या धराच. गणपती-शिमग्यात घरटी माणसं मोजू नका. चाकरमानी आल्याने आकडा फुगतो.

सरपंचांना भेटणं रीतीचं आहे, पण तेवढ्यावर गाव कळत नाही. कोळीवाडा, मोहल्ला, बौद्धवाडी, भंडारवाडी, प्रत्येक वाडीत वेगळं बसा. सगळ्यांना एकाच देवळात बोलावलंत तर काही जण येणारच नाहीत, आणि तुम्ही ‘उदासीन’ लिहून मोकळे व्हाल. हीच चूक सर्वांत जास्त होते. मासळी विकणाऱ्या बायका सकाळी बाजारात असतात. त्या परतल्यावर, त्यांच्याच पडवीत बोला. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची कायद्यातच तरतूद आहे, तिचा उपयोग करा.

संमतीपत्रावर सही पहिल्याच भेटीत मागू नका. जमीन प्रकल्पात जाईल ही भीती इथे खरी आहे. सातबारा लागत नसेल तर विचारूच नका. संमतीपत्र मोठ्याने वाचा, एक प्रत त्यांच्या घरी ठेवा. नकार आला तर कारण खोदू नका.

निष्कर्ष छापण्याआधी प्रत्येक वाडीत वाचून दाखवा आणि लोकांनी सांगितलेल्या दुरुस्त्या मूळ मजकुरात घ्या.