द्वंद्वगीतात नायिकेच्या कडव्याला पट्टी बदलली की गाणं तुटतं. काय करावं?

तुमचा नायक काळी एकमध्ये गातो (म्हणजे सप्तकातली पहिली काळी कळ त्याचा सा), नायिकेला ती पट्टी खाली पडते, आणि रागाबाहेरचे स्वर कॉर्डमध्ये, म्हणजे एकदम वाजवायच्या स्वरांच्या गटात, घ्यावेत का, हेही तुम्ही विचारलंय.

मी पूर्व विदर्भात, वडसा भागात, झाडीपट्टीच्या नाटकांना ऑर्गन वाजवतो. धान निघालं की होळीपर्यंत माझ्या रात्री मंडई (इकडची गावजत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) गावांत जातात, आणि जवळजवळ प्रत्येक नाटकात हा पेच येतोच.

नायकाच्या मध्यमाला नायिकेचा षड्ज करा, म्हणजे काळी तीन. नायकाची ओळ संपली की नुसत्या सा-ग-पवर थांबू नका, त्यात कोमल नि मिसळा: काळी एक, पांढरी चार, काळी चार, पांढरी सात. हे चार स्वर एकदम धरून ऐका. पांढरी सातवरचा कोमल नि अर्धा स्वर उतरून काळी पाचवर जाऊ पाहतो, तो नव्या पट्टीतला ग. पांढरी चारवरचा ग अर्धा स्वर चढून काळी तीनवर जाऊ पाहतो, तो नवा सा. काळी एक जागची हलतच नाही, फक्त सा होती ती प होते. पाश्चात्त्य संगीतात अशा कॉर्डला सेकंडरी डॉमिनंट म्हणतात. आपल्या कानाला ही वाट परकी नाही, ठुमरीत मध्यमाला सा मानून गातातच. माझा आग्रह एवढाच, की हा कोमल नि आयत्या वेळी आणू नका. खमाज रागात येतो तसा तो नायकाच्या चालीत आधी एकदा येऊन जाऊ द्या.

मध्यमच का, तर तबल्यासाठी. तबला काळी एकला लावलेला असतो, आणि तो स्वर नव्या पट्टीत पंचम म्हणून खपून जातो. एका मंडईत आम्ही शेवटचं कडवं अर्धा स्वर वर नेलं होतं. जुना सा नव्या पट्टीचा नि झाला, तबला प्रत्येक समेवर तोच नि वाजवत राहिला आणि गाणारी बाई दोन ओळींत मूळ पट्टीवर परतली. चूक तिची नव्हती, चाल बांधणाऱ्या माझीच होती.

रागाबाहेरचे स्वर घ्या, पण गळा कुठे आहे ते पाहून. विरहाच्या ओळीत म-ध-सा वाजवून धचा कोमल ध करा आणि मग सा-ग-पवर या. नायकाच्या पट्टीत काळी पाच, पांढरी सहा, काळी चार अशी ती उतरण होते. तिथे काळजात कळ उठते. मात्र गायक त्या क्षणी सा किंवा मवर हवा. तो शुद्ध धवर असेल तर कोमल ध त्याला कापतो.

तुकडोजी महाराजांच्या परंपरेतल्या खंजिरी भजनात मी यातलं काहीही करत नाही. मागे अख्खं गाव म्हणत असतं, त्यांना एकच सा लागतो.

नायकाकडे परत येताना नायिकेच्या पट्टीतले रे, तीव्र म, ध आणि सा धरा: काळी चार, पांढरी एक, काळी दोन, काळी तीन. तीव्र म काळी एकवर चढतो, काळी तीन पांढरी चारवर उतरते. हा कॉर्ड पूर्ण एक आवर्तन धरा, म्हणजे नायकाला आपला सा सापडायला वेळ मिळतो.