'लाटके' आणि आपलं 'लाटणं'

प्रश्न असा: हनुक्काच्या सणाला ज्यू लोक बटाट्याचे 'लाटके' तळतात. कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएली, मराठीच बोलत आले. मग हा शब्द आपल्या 'लाटणे'वरून तर गेला नसेल?

कल्पना गोड आहे, पण नाही. मुळात लाटके लाटतच नाहीत. कच्चा बटाटा किसायचा, पिळून पाणी काढायचं, कांदा, अंडं, थोडं पीठ घालून चमच्याने कढईत सोडायचं. पोळपाटाचा संबंध येतोच कुठे? शिवाय हा पदार्थ पूर्व युरोपातल्या ज्यूंचा, आणि त्यांची बोली यिद्दिश, जर्मनशी नातं असलेली.

यिद्दिशने तो शब्द शेजारच्या स्लाव्ह भाषांकडून, म्हणजे रशियन-युक्रेनियनच्या कुळातून, उचलला. तिथे 'ओलाद्या' म्हणजे तळलेलं छोटं धिरडं, त्याचं लाडकं रूप 'ओलाद्का'. आरंभीचा 'ओ' गळला आणि 'लाटके' उरलं. स्लाव्हांनी तो ग्रीकांकडून घेतला होता: 'एलाइया' म्हणजे ऑलिव्ह, 'एलाइऑन' त्याचं तेल, 'एलादिऑन' हे त्याचं लघुरूप. गंमत म्हणजे इंग्रजी 'ऑइल'ही, लॅटिनमार्गे, याच घरातलं.

म्हणजे शब्दात बटाटा कुठेच नाही, आहे ते तेल! आणि ते चपखल बसतं. जेरुसलेमच्या मंदिरात एका दिवसापुरतं तेल आठ दिवस जळलं, ही हनुक्काची कथा. म्हणून तळणीला मान. बटाटा फार उशिरा आला. पूर्व युरोपात तो सर्रास पिकू लागला एकोणिसाव्या शतकात. त्याआधी इटलीतले ज्यू चीजची धिरडी तळत.

आपलं 'तेल'ही असंच, तिळाचं ते तैल. शेंगदाण्याचं तेल म्हणताना तीळ कोणाला आठवतो? बेने इस्राएलींचा धागा सापडतो तो इथे, लाटण्यात नव्हे: कोकणात त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा, शनिवार हा ज्यूंचा विसाव्याचा वार, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं 'शनवार तेली'.

राहिलं मराठीत कसं लिहायचं. यिद्दिशमध्ये 'लाटके' एकवचनी आहे, आपल्या कानाला ते 'लाटका'चं अनेकवचन वाटतं. मी 'एक लाटकं, दोन लाटकी' म्हणेन, धिरडं-धिरडीसारखं. 'कटलेट' मात्र नको, त्यात बटाटा उकडलेला असतो. उपासाचं बटाट्याचं थालीपीठ चवीला बरंच जवळचं, फक्त त्यात कांदा घातलात तर उपास मोडेल.