‘जागा नव्हती’ म्हणजे काय?

प्रश्न : ताई, आमच्या भागातल्या साखर कारखान्याने ऊसबिलं थकवली आहेत. आम्ही तहसील कचेरीवर मोर्चा नेला. निवेदनाची प्रत, फोटो, सगळं वार्ताहराच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी दोन पेपरांत बातमी आली, पण माझ्या घरी वडिलांपासून जो पेपर येतो त्यात एक ओळसुद्धा नाही. वार्ताहर म्हणतो, ‘पाठवली होती, जागा नव्हती.’ मालकानेच अडवली ना?
– एक ऊस उत्पादक, सोलापूर जिल्हा

उत्तर : मालकाने फोन करून अडवली असेल असं मला वाटत नाही. जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर मी २६ वर्षं काढली. तेवढ्या काळात असा थेट निरोप माझ्या टेबलापर्यंत दोनदाच आला. एरवी त्याची गरजच पडत नाही. कशी पडत नाही, ते सांगते.

संध्याकाळी पाचच्या सुमारास जाहिरात विभागाकडून आमच्याकडे डमी यायची. डमी म्हणजे पानाचा आराखडा असलेला साधा कागद. त्यावर जाहिरातींचे चौकोन पेनाने आधीच आखलेले असत आणि उरलेलं पांढरं तेवढं आमचं. आठ कॉलमांचं पान, उंची ५० सेंटिमीटर धरा, म्हणजे ४०० कॉलम सेंटिमीटर जागा. त्यात अर्ध्या पानाची जाहिरात आली की बातम्यांना २०० उरले.

अशाच एका संध्याकाळी डमीवर एका कारखान्याच्या गळीत हंगाम शुभारंभाची अर्ध्या पानाची जाहिरात होती. त्याच कारखान्याच्या थकलेल्या बिलांची बातमी मी दोन कॉलमांत लावली होती. पानप्रमुख चांगला माणूस होता. तो एवढंच म्हणाला, ‘या पानावर नको.’ बातमी आतल्या पानावर गेली, तिथे तालुक्याच्या बातम्यांची गर्दी होती, रात्री नऊला ती संक्षिप्तमध्ये चार ओळींची झाली. कोणी कोणाला धमकावलं नाही. दोन दिवसांनी गावातली चार माणसं पेपरची घडी घेऊन कार्यालयात आली. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्या चार ओळींवर बोट ठेवून मला विचारलं, ‘बाई, हे आम्हीच का?’ मी मान खाली घातली. ते बोट मला आजही दिसतं.

तुमच्या वार्ताहरावर राग धरू नका. तालुक्याच्या बहुतेक वार्ताहरांना मिळणारं मानधन सांगायलाही लाज वाटेल असं असतं, वर वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती आणायचं टार्गेटही त्यांच्याच गळ्यात. तालुक्यात मोठी जाहिरात देणार कोण? तोच कारखाना, तीच पतसंस्था, तेच अध्यक्ष. ज्याच्या दारात जाहिरातीसाठी उभं राहायचं, त्याच्याविरुद्धची बातमी पाठवताना हात आखडतो.

पुढच्या वेळी निवेदनाऐवजी आकडे द्या. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. किती टन ऊस कोणत्या तारखेला गेला, किती रक्कम थकली, साखर आयुक्तांकडे महसुली वसुलीची (म्हणजे थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल करण्याची) मागणी केली का, हे एका कागदावर, वजनाच्या पावत्यांच्या झेरॉक्ससह द्या. प्रत वार्ताहराला द्या, आणि तीच पेपरच्या जिल्हा कार्यालयात स्वतः नेऊन पोच घ्या. कागदपत्रं जोडलेली बातमी चार ओळींत बसवणं डेस्कवरच्या माणसाला जड जातं. हे मी अनुभवाने सांगते.

प्रश्न : पेपर दिवसेंदिवस अंग चोरतोय. पान अरुंद, पानं कमी, वर पहिल्या पानाच्या आधी जाहिरातीचं जॅकेट. बातम्या किती आणि जाहिराती किती, हे सरकारने कायद्याने ठरवून का देऊ नये?
– निवृत्त शिक्षक, पुणे

उत्तर : सर, हा प्रयोग एकदा झाला आहे आणि तो मोडून काढला तुमच्याच गावच्या एका दैनिकाने. १९५६ साली केंद्राने वृत्तपत्रांची किंमत आणि पानं यांची सांगड घालणारा कायदा केला आणि १९६० मध्ये त्याखाली आदेश काढला. किती किमतीला किती पानं द्यायची, जाहिरातींना किती जागा, सगळं सरकार ठरवणार. हेतू वाईट सांगितला नव्हता. बड्या भांडवलाच्या पेपरांपुढे छोट्यांचा टिकाव लागावा, असं सरकारचं म्हणणं होतं.

नानासाहेब परुळेकरांनी १९३२ साली सुरू केलेला ‘सकाळ’ तेव्हा सात नव्या पैशांना मिळायचा, आठवड्यातले बहुतेक दिवस सहा पानांचा. त्याच्यासारख्या पेपरांपुढे दोनच वाटा उरल्या : किंमत वाढवा किंवा पानं कापा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. याचिका करणाऱ्यांत कंपनी होती, तसे पेपरचे वाचकही होते, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. २५ सप्टेंबर १९६१ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने कायदा आणि आदेश दोन्ही घटनाबाह्य ठरवले. निकालपत्र न्या. जनार्दन मुधोळकरांचं. पान कापलं की बोलायची जागा कापली जाते, किंमत वाढवली की वाचक तुटतो, आणि दोन्हींचा घाव अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावरच बसतो, असा त्याचा आशय. पुढे कोणत्या पेपरला किती कागद मिळणार हे सरकार ठरवायचं, त्या कोट्याच्या धोरणातून दहा पानांची मर्यादा आली, तीही १९७२ मध्ये बेनेट कोलमनच्या, म्हणजे ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या कंपनीच्या, खटल्यात गेली.

हा निकाल बरोबरच होता, असं मी मानते. पानं मोजायचा अधिकार सरकारला दिला, तर पहिली कात्री सरकारवरच्या टीकेला लागेल. पण न्यायालयाने राखलेली ती जागा पुढे कोणी व्यापली, याची चिंता आपण पुरेशी केली नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत वेगवेगळ्या मराठी दैनिकांत शब्दन्‌शब्द सारखा प्रचारी मजकूर बातमी म्हणून छापून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी तो समोरासमोर ठेवून दाखवला, तेव्हा ‘पेड न्यूज’ हा शब्द घरोघरी पोचला. आमच्या धंद्याला लागलेला तो डाग आहे, आणि मी त्याला दुसरं नाव देणार नाही.

अरुंद पानाचं कारण मात्र साधं आहे. कागद. आपल्याकडे वृत्तपत्राचा बराच कागद बाहेरून येतो. २०१९ मध्ये त्यावर १० टक्के आयात शुल्क बसलं, पुढच्या वर्षी ते ५ टक्क्यांवर आलं. २०२२ मध्ये युक्रेन युद्धाने भाव पुन्हा भडकले. रिळाची रुंदी थोडी कमी केली की लाखो प्रतींमागे मोठी बचत होते. तुम्ही देता ते पाच-सहा रुपये कागद, छपाई आणि विक्रेत्याच्या कमिशनलाही पुरत नाहीत. उरलेलं जाहिरातदार भरतो, म्हणून जॅकेटही त्याचं.

प्रश्न : पेपर नक्की कोणाच्या मालकीचा आहे हे सामान्य वाचकाला कसं कळेल? आणि मालक राजकारणात असेल तर तो पेपर बंद करावा का?
– पत्रकारितेची विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते : ‘हे वृत्तपत्र मालक अमुक यांच्याकरिता मुद्रक व प्रकाशक तमुक यांनी…’ तिथून सुरुवात कर. मग ग्रंथालयात जाऊन मागच्या वर्षांच्या मार्चच्या पहिल्या आठवड्याचे अंक काढ. १९५६ च्या नियमांनुसार दरवर्षी ‘फॉर्म ४’ छापावा लागत असे. त्यात एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्यांची नावं देणं बंधनकारक होतं. (१ मार्च २०२४ पासून नोंदणीचा नवा कायदा लागू झाला आहे, तोही वाच.) ती नावं वहीत उतरव आणि तीच माणसं आणखी कोणत्या कंपन्यांवर, संस्थांवर आहेत ते शोध.

पेपर घेणं बंद कर असं मी म्हणणार नाही. मालकाचं मत असलेला पेपर महाराष्ट्राला नवा नाही. ‘केसरी’ १८८१ साली निघाला तो मतं मांडायलाच. पण त्याचे पहिले संपादक आगरकर होते, आणि सामाजिक सुधारणेवर टिळक आणि बाकीच्या सहकाऱ्यांशी पटेना तेव्हा १८८७ मध्ये त्यांनी ते पद सोडलं आणि पुढच्या वर्षी स्वतःचा ‘सुधारक’ काढला. कोण कोणत्या बाजूला उभं आहे हे वाचकाला उघड दिसत होतं. मला भीती वाटते ती न दिसणाऱ्या बाजूची.

तू एक काम कर. मालक वेगळे असलेले दोन पेपर आठ दिवस रोज घे. एकच स्थानिक प्रश्न निवड, पाणी घे किंवा बससेवा घे. फूटपट्टीने मोज : त्या प्रश्नाला किती कॉलम सेंटिमीटर, कितव्या पानावर, आणि त्याच पानावर जाहिरात कोणाची. आठ दिवसांचा तक्ता झाला की मला पाठव, पुढच्या अंकात आपण त्यावरच बोलू.