आयरिश पूर्वजांचे कागद एकमेकांशी जुळत नसतील तर कोणता खरा धरायचा?

तुमच्या नवऱ्याच्या पणजोबांचं जन्मसाल थडग्यावर 1846 आणि अमेरिकेच्या 1900 च्या जनगणनेत 1851. मृत्युदाखल्यावर जन्मगाव कॉर्क, घरचे मात्र गॉलवे म्हणतात (आयर्लंडमधली ही दोन वेगळी ठिकाणं). यातलं खरं कोणतं, असं तुम्ही विचारलंय. मी या गुंत्यात दोन वर्षं काढली आहेत. माझं सासर बॉस्टनचं. सासूबाईंच्या पणजीचे पाच कागद मिळाले, पाचांवर पाच वयं!

मी प्रत्येक कागदाशेजारी ‘ही माहिती कोणी दिली’ एवढं लिहायला लागले, तेव्हा वाट दिसली. मृत्युदाखल्याची माहिती बहुधा मुलगा किंवा जावई देतो. त्याने आयर्लंड पाहिलेलंच नसतं. त्याच्या कानावर असतं ते बंदराचं नाव. क्वीन्सटाउन, म्हणजे आजचं कोव्ह, हे बंदर कॉर्क काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येतं. पणजोबा तिथून बोटीत बसले आणि दाखल्यावर कॉर्कचे झाले, अशी मला दाट शंका आहे. गॉलवे सोडू नका.

वयाचं फार मनावर घेऊ नका. तेव्हा खेड्यात वाढदिवस कोणी मोजत नसे, आणि वय सांगण्यात फायदा-तोटाही असे. 1909 पासून आयर्लंडमध्ये सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू झालं. 1901 आणि 1911 च्या आयरिश जनगणना शेजारी ठेवल्या तर कितीतरी म्हातारी माणसं दहा वर्षांत दहाहून जास्त वर्षांनी वाढलेली दिसतात. सगळ्यांची जन्मनोंद 1864 पासून सक्तीची झाली, पण उशिरा नोंदवलं तर दंड, म्हणून आईवडील जन्मतारीख पुढे ढकलत. त्यामुळे बाप्तिस्मा आधी आणि जन्म नंतर अशाही नोंदी सापडतात. तिथे बाप्तिस्म्याची तारीख धरा.

तुमचे पणजोबा 1864 च्या आधीचे, म्हणजे चर्चची वही हाच आधार. कॅथलिक चर्चच्या साधारण 1880 पर्यंतच्या वह्या आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीने 2015 मध्ये इंटरनेटवर फुकट ठेवल्या. त्या काळच्या जनगणनेची आशा धरू नका. 1821 ते 1851 च्या जवळजवळ सगळ्या 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालय-संकुलातल्या आगीत गेल्या, आणि 1861, 1871 च्या सरकारनेच त्याआधी नष्ट केल्या होत्या. 1847 ते 1864 मधलं ग्रिफिथ व्हॅल्युएशन (करासाठी केलेली जमिनीची मोजदाद) मात्र आहे. कोणाकडे कुठली जमीन होती ते त्यात वाडीवार दिलंय.

पण वाडी कळणार कशी? देशात साठ हजारांवर वाड्या (त्यांना तिथे टाउनलँड म्हणतात). इथे बहुतेक लोक अडतात, कारण ते एकाच माणसाचा माग काढत बसतात. आम्हाला वाडी मिळाली ती पणजीच्या धाकट्या बहिणीमुळे. तिचं न्यूयॉर्कच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेत खातं होतं. पैसे काढायला आलेला माणूस खरा खातेदारच आहे ना, हे ताडून पाहण्यासाठी बँक जन्मगाव, आईवडील, बोट असं सगळं विचारून लिहून ठेवी. स्वतःच्या तोंडाने आणि स्वतःच्या पैशासाठी सांगितलेलं गाव! माझा त्या एका ओळीवर बाकी पाच कागदांपेक्षा जास्त विश्वास बसला. बॉस्टनच्या ‘पायलट’ या वर्तमानपत्रात 1831 पासून हरवलेल्या नातलगांच्या जाहिराती येत. त्यातही गाव असायचं.

नाव शोधताना मन मोकळं ठेवा. ब्रिजेट पुढे डीलिया होते, ऑनोरा नोरा होते, वहीत लॅटिनमध्ये जेम्सचा जेकोबस होतो. आडनावातलं ‘ओ’ गळतं आणि पुन्हा येतं. न्यूयॉर्क बंदरात स्थलांतरितांची तपासणी होई त्या एलिस आयलंडवरच्या अधिकाऱ्याने नाव बदललं, ही घरोघरची गोष्ट सोडून द्या. ते ठाणं 1892 मध्ये उघडलं, आणि तिथले अधिकारी बोटीवरून आलेली यादीच तपासत. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव ठेवायची चाल मात्र आपल्यासारखीच, तिचा खूप उपयोग होतो.

आधी पणजोबांच्या भावाबहिणींची आणि त्यांच्या मुलांच्या बाप्तिस्म्याला उभ्या राहिलेल्या धर्मपालकांची नावं जमवा. ती इथे लिहिलीत तर गॉलवेच्या वह्या मीही तुमच्यासोबत चाळेन.