पाडण्याआधी घराची तपासणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या जुन्या घराचे जोते जांभ्या दगडाचे, भिंती मातीच्या आणि छप्पर मंगलोरी कौलांचे आहे. काही वर्षांपूर्वी भिंतींना सिमेंटचा गिलावा केला. तेव्हापासून खालून ओल चढते आणि गिलावा फुगून गळतो. गवंडी आणि पुण्यातील मुले, दोघेही म्हणतात की घर पाडून स्लॅबचे बांधावे. पर्यावरणाच्या दृष्टीने हे योग्य आहे का? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : आपण लिहिलेल्या लक्षणांवरून दोष भिंतीपेक्षा गिलाव्याचा दिसतो. मातीची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि हवेत सोडून देते. सिमेंटने ही वाट बंद केली की ओल आत कोंडते, भिंत तळाशी मऊ पडते आणि गिलाव्यामागे साचलेले क्षार त्याला बाहेर ढकलतात. भिंतीवर ठिकठिकाणी बोटाने ठोकून पाहावे. जिथे पोकळ आवाज येईल, तिथे गिलावा सुटलेला आहे, असे समजावे. पावसाळा संपल्यावर तो काढून टाकावा, भिंत पुरेशी वाळू द्यावी आणि मग चुन्याचा गिलावा करावा. मात्र त्याआधी पाण्याचा बंदोबस्त हवा. वर्षानुवर्षे भर पडून अंगणाची पातळी जोत्यापर्यंत चढली असेल, तर ती माती उतरवावी आणि पागोळ्यांचे पाणी पन्हळीने घरापासून दूर न्यावे. आपल्याकडच्या पावसात एवढे केले नाही, तर चुनाही टिकणार नाही.

लाकडाची परीक्षा तुळईच्या मधोमध करू नये, तर तिचे टोक जिथे भिंतीत शिरते तिथे करावी, कारण ओल आणि वाळवी प्रथम तिथेच लागते. पटाशीचे टोक सहज आत गेले, तर तेवढा भाग कापून नवा जोड देता येतो. त्यासाठी सगळे छप्पर उतरवण्याची गरज नसते.

आता पर्यावरणाचा हिशेब. एक हजार चौरस फुटांच्या, पाच इंच जाडीच्या स्लॅबला साधारण 90 ते 100 पोती, म्हणजे जवळपास पाच टन सिमेंट लागते. साधे सिमेंट वापरले, तर एवढ्या सिमेंटमागे सुमारे चार टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सळई, विटा आणि वाहतूक यांचा हिशेब वेगळाच. भट्टीत केवळ कोळसा जळतो म्हणून हे घडत नाही. सुमारे 1450 अंश सेल्सियस तापमानाला क्लिंकर, म्हणजे दळून ज्याचे सिमेंट होते तो भाजलेला खडा, तयार होताना चुनखडीतूनच हा वायू सुटतो, त्यामुळे इंधन बदलूनही तो पूर्णपणे टळत नाही. आपल्या भिंती उभ्या करताना जे खर्ची पडायचे ते केव्हाच पडले आहे आणि त्या पाडल्यास ते वाया जाईल. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की स्थापत्य अभियंत्याने पाया आणि भिंती धोकादायक ठरवल्या नसतील, तर घर पाडू नये.

मुलांची अडचण बहुधा स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांची असेल, आणि ती रास्त आहे. हे दोन्ही भाग परसदारी नव्याने बांधावेत. त्यासाठी फ्लाय ॲश (औष्णिक वीज केंद्रातील राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतील मळी) मिसळलेले सिमेंट घ्यावे. त्यात क्लिंकर कमी असते. खानापूरच्या भाजलेल्या विटा वापरणार असाल, तर वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली 'रॅट ट्रॅप' बांधणी गवंड्याला समजावून द्यावी. तिच्यात विटा धारेवर उभ्या लावून भिंतीत पोकळी ठेवतात, त्यामुळे नऊ इंची भिंतीला विटा सुमारे 25 टक्के कमी लागतात आणि खोलीही कमी तापते.

प्रश्न : निपाणीतील आमची तंबाखूची वखार बंद पडून आहे. तिथे अभ्यासिका करता येईल का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : अवश्य करता येईल. उंच छत आणि खांबांविना मोकळी जागा ही वखारीची दौलत आहे. उणीव असते ती उजेडाची. नव्या खिडक्या दोन कैच्यांच्या (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांच्या) मधल्या भिंतीत काढाव्यात, कैचीचे टोक जिथे टेकते त्याखाली कधीही काढू नयेत, कारण छपराचा सारा भार तिथेच उतरतो. वासे आणि भिंती यांत बसलेली तंबाखूची धूळ पूर्ण काढल्याशिवाय मुलांना आत बसवू नये. दुसरे बाहेर पडण्याचे दार ठेवावे आणि वापर बदलण्याची परवानगी नगरपालिकेकडून काम सुरू करण्यापूर्वीच घ्यावी.