लाइफटाइम लायसनला मराठीत काय म्हणावं, आणि भाव वाढला की ती फसवणूक का

कुडाळहून प्रश्न आलाय. कॉम्प्युटरचं दुकान आहे, किराणावाले, मेडिकलवाले, होमस्टेवाले यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवून देतात. कंपनीने लाइफटाइम लायसन महाग केलंय आणि आता गिऱ्हाइकांना मराठीत पत्रक द्यायचंय, तर ‘लाइफटाइम’ला आजीवन लिहू, तहहयात लिहू की कायमस्वरूपी? शिवाय काही गिऱ्हाइकं सरळ ‘ही फसवणूक आहे’ म्हणतायत, तो शब्द इथे चालतो का, असंही विचारलंय.

आधी लाइफटाइमचं बघू, कारण सगळी भांडणं तिथूनच निघतात. लाइफ कोणाची ते हा शब्द सांगतच नाही. गिऱ्हाइकाची, त्याच्या कॉम्प्युटरची, त्या व्हर्जनची की कंपनीची? कुठलाही मालवणी माणूस पहिल्या फटक्यात हेच विचारणार, “कोणाची लाइफ रे, माझी काय तुझी?” आणि यात काही थट्टा नाही, अगदी मुद्द्याचं विचारतोय तो.

‘आजीवन’ आणि ‘आजीव’ आपल्याला सभासदत्वामुळे माहीत आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासून आहे, अशा संस्थेत आजीव सभासद म्हटलं की सभासद जाईल पण संस्था राहील हे गृहीतच असतं, म्हणून तिथे तो शब्द फिट्ट बसतो. सॉफ्टवेअरात नेमकं उलटं होतं, माणूस ठणठणीत आणि कंपनी विकली गेली नाहीतर बंद पडली, त्यामुळे आजीवन लिहिलंत की आयुष्य गिऱ्हाइकाचं मोजलं जातं आणि कंपनीने जे कबूलच केलेलं नाही ते तुम्ही तुमच्या पत्रकात कबूल करून बसता. (जाता जाता, ‘आजन्म’ तर अजिबात नको. त्याचा मुळातला अर्थ जन्मापासून, ‘आमरण’चा मरेपर्यंत, तोच ‘आ’ एकदा मागून मोजतो आणि एकदा पुढे. आणि आजन्म म्हटलं की आपल्याला कारावासच आठवतो.)

‘तहहयात’ मला फार आवडतो. फारसी ‘ता’ म्हणजे पर्यंत आणि अरबी ‘हयात’, तीच हयात जिचा दाखला पेन्शनवाले दर नोव्हेंबरात बँकेत देतात. यात मेख अशी की तहहयात हक्क माणसाबरोबर संपतो, मुलाला मिळत नाही. पीक्लाउड नावाची क्लाउड स्टोरेज कंपनी लाइफटाइमची व्याख्या ९९ वर्षं किंवा खातेदाराचं आयुष्य, यातलं जे आधी संपेल ते, अशी करते. हे खरं तहहयात. पण तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर दुकानाच्या नावावर असणार, मालक गेला तरी दुकान चालूच राहणार, म्हणून तुमच्या कामाचा हा शब्द नाही.

राहिला ‘कायमस्वरूपी’. इकडे कोकणात हा शब्द मी तरी जपून वापरीन, कारण कायम म्हटलं की इथल्या माणसाच्या डोक्यात कायम कूळ येतं, सातबारा येतो, म्हणजे जो हक्क मालकालासुद्धा सहजी काढून घेता येत नाही तो. सॉफ्टवेअरच्या बाबतीत तेवढं वजन फक्त एका गोष्टीला पेलतं, ते म्हणजे घेतलेलं व्हर्जन वापरण्याचा हक्क. अपडेट, सपोर्ट, क्लाउडवरचा बॅकअप, हे त्यात येईलच असं नाही. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली वापरणाऱ्यांना हे समजवावं लागत नाही, लायसन एकदाच घ्यायचं आणि टीएसएसचे, म्हणजे अपडेट-सपोर्टच्या वर्गणीचे, पैसे वेगळे भरत राहायचे, टीएसएस संपलं तरी असलेलं व्हर्जन चालतं पण पुढचं मिळत नाही. कुडाळ-सावंतवाडीच्या कुठल्याही अकाउंटंटकडे जा, वापर वेगळा आणि अपडेट वेगळं हे त्याला पाठ असतं.

लाइफटाइमने आपल्याकडे पूर्वीही एकदा हात दाखवलाय, आठवत असेल बघा. २००५ च्या शेवटी ९९९ रुपयांत लाइफटाइम इनकमिंगची प्रीपेड कार्डं निघाली होती. मुंबईला पोरगा असलेल्या प्रत्येक घराने आईबापांना एक घेऊन दिलं असेल. लाइफटाइम म्हणजे कंपनीकडे सरकारी लायसन आहे तोवर, असा त्याचा अर्थ, पण तो घेताना कोणी वाचला होता? मग २०१८ च्या अखेरीला मोठ्या कंपन्यांनी २८ दिवसांना किमान ३५ रुपयांचं रिचार्ज लावलं आणि त्या म्हाताऱ्यांचे फोन गप्प व्हायची वेळ आली. आज तुमचं गिऱ्हाईक लाइफटाइम ऐकून तोंड वाकडं करत असेल तर त्याला तो अनुभव आहे.

आता फसवणुकीकडे येऊ. माझ्या मते इथे तीन शब्द वेगळे ठेवायला हवेत: भाववाढ, दरवाढ आणि शब्द फिरवणं. भाव बाजारात आपोआप चढतो, जून-जुलैच्या मासेमारीबंदीत सुरमईचा चढतो तसा, कोणी एकाने ठरवून नव्हे. दर कोणीतरी बसून ठरवतं, म्हणून एसटीची दरवाढ, विजेची दरवाढ. कंपनीने केली ती दरवाढच, पत्रकात ‘भाव वाढले आहेत’ असं लिहून ती आभाळातून पडली असं भासवू नका, ‘कंपनीने दर वाढवला आहे’ असं कर्त्यासकट लिहा.

पण दरवाढ म्हणजे फसवणूक नव्हे, ती कितीही टोचली तरी. घरातल्या सर्व्हरवरचे सिनेमे टीव्हीवर दाखवणारं प्लेक्स बघा. त्यांचा लाइफटाइम पास ११९.९९ डॉलरचा होता तो २०२५ च्या एप्रिलअखेर २४९.९९ झाला, दुपटीहून जास्त, लोक पेटले. पण आधी महिनाभर सांगितलं होतं, तोवर जुन्या दराने घेता येत होता आणि ज्यांचा आधीपासून होता त्यांचा तसाच राहिला. गंमत हिशेबात आहे. वर्षाचा दर ३९.९९ होता तो ६९.९९ केला, म्हणजे लाइफटाइम आधी तीन वर्षांच्या वर्गणीएवढं होतं ते साधारण साडेतीन वर्षांच्या वर्गणीएवढं झालं, एवढीच काय ती लाइफ लांबली! घरगुती सर्व्हरसाठीच्या अनरेड या सॉफ्टवेअरनेही मार्च २०२४ मध्ये असंच केलं, आधी १२९ डॉलरच्या प्रोमध्ये अपडेट कायमचे मिळायचे, आता त्यासाठी लाइफटाइम २४९ ला घ्यायचं, स्वस्तातल्या लायसनला अपडेट एकच वर्ष. पण जुन्यांना दिलेलं काढून घेतलं नाही. या दोन्ही ठिकाणी शब्द दरवाढ. लूट म्हणा हवं तर, लूट हे मत आहे आणि मत मांडायला कोणाची ना नाही, फसवणूक म्हटलं की तो आरोप होतो.

शब्द फिरवणं म्हणजे व्हीपीएनसिक्युअर या व्हीपीएनचं (इंटरनेटवर आपली ओळख झाकणारी सेवा) झालं ते. कंपनीचे मालक बदलले आणि २०२५ मध्ये नव्यांनी जुनी लाइफटाइम खाती बंदच करून टाकली, वर सांगितलं की विकत घेताना असली खाती आहेत हे आम्हाला माहीतच नव्हतं. इथे कोणी फसवलं म्हणालं तर मी त्याचं मराठी सुधारायला जाणार नाही.

तुमच्या दुकानात दोन्ही तऱ्हांची गिऱ्हाइकं येणार. एक म्हणेल “बरां झालां, गेल्या वर्सा घेतलंय तां”, दुसऱ्याने ‘बघू दिवाळीला’ करत ढकललेलं असणार, सगळ्यात जास्त आवाज त्याचाच. आणि हे दोघं सोडून जो नुसता गप्प उभा आहे त्याला एवढंच हवं असतं की माझं जुनं चालू राहणार ना. पत्रक त्याच्यासाठी लिहा.

लाइफटाइमच्या जागी मी ‘एकरकमी’ लिहीन. एकरकमी कर, एकरकमी परतफेड, लोकांच्या कानावरचा शब्द आहे, आणि पैसे एकदाच द्यायचे एवढंच तो सांगतो, आयुष्याच्या भानगडीत पडत नाही. ‘परवाना’सुद्धा टाळा, मच्छीमाराला परवाना म्हटलं की नूतनीकरण आणि ऑफिसच्या फेऱ्या आठवतात. सरळ लायसन लिहा, नपुंसकलिंगी चालवा, सगळे तसंच बोलतात. म्हणजे साधारण असं:

‘कंपनीने एकरकमी लायसनचा दर अमुक तारखेपासून वाढवला आहे. ज्यांनी आधी घेतले आहे त्यांना जास्तीचे पैसे भरावे लागणार नाहीत, त्यांचे सध्याचे व्हर्जन चालू राहील. अपडेट अमुक तारखेपर्यंत मिळतील.’

दुसरं आणि तिसरं वाक्य छापायच्या आधी कंपनीकडून लेखी घ्या, फोनवर ‘हो हो’ म्हणाले तेवढ्यावर नको. तिसऱ्यातली तारीख ते देत नसतील तर ते वाक्य गाळू नका, ‘अपडेटबद्दल कंपनीने अजून कळवलेले नाही’ असं छापा.