टीव्हीवरचा उपदेश आणि देणगीचा हिशेब

वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतले ख्रिस्ती टीव्ही-उपदेशक सुरुवातीपासूनच प्रेक्षकांकडे पैसे मागत होते का? – एक वाचक, अहिल्यानगर

नाही. कॅथलिक बिशप फुल्टन शीन 1952 साली ड्युमाँट वाहिनीवर दर मंगळवारी रात्री बोलू लागले. शेजारी फळा, हातात खडू, समोर टिपणाचा कागदसुद्धा नसे. लवकरच टीव्ही संच बनवणारी अ‍ॅडमिरल कंपनी त्यांना प्रायोजक म्हणून मिळाली, त्यामुळे प्रेक्षकांपुढे हात पसरायची गरजच नव्हती. इतर जुन्या पंथांनाही स्टेशनं फुकट वेळ देत, कारण परवाना टिकवायचा तर लोकहिताचे कार्यक्रम दाखवावे लागत.

1960 मध्ये स्टेशनांना परवाने देणाऱ्या एफसीसी या सरकारी आयोगाने भूमिका बदलली. वेळ फुकट दिलेला असो वा विकलेला, लोकहिताच्या हिशेबात फरक धरायचा नाही, असं ठरलं. मग फुकट कोण देणार? पैसे मोजून वेळ घेणारे इव्हँजेलिकल (बायबल आणि धर्मप्रसारावर भर देणारे) आणि पेन्टेकॉस्टल (प्रार्थनेने आजार बरे होतात असं मानणारे) उपदेशक पुढे आले, आणि ते पैसे प्रेक्षकांकडूनच यायचे होते. व्हर्जिनियात पॅट रॉबर्टसन यांनी 1963 मध्ये आपल्या छोट्या स्टेशनचा महिन्याचा 7,000 डॉलर खर्च भागवायला साधं गणित मांडलं : 700 माणसं, प्रत्येकी दरमहा 10 डॉलर. त्यांच्या कार्यक्रमाचं ‘700 क्लब’ हे नाव त्यातूनच आलं. यात काही लपवलेलं नव्हतं. पण पुढच्या महिन्याचा वेळ या महिन्याच्या देणगीवर अवलंबून राहिला, की मागणं हा कार्यक्रमाचाच भाग होतो. आमच्या मते पुढच्या बहुतेक वादांचं मूळ इथे आहे.

जिम बेकर यांना शिक्षा नेमकी कशासाठी झाली? प्रकरण बाईचं होतं असंच ऐकलं होतं. – एक वाचक, वसई

टीव्ही-उपदेशक बेकर यांना त्या प्रकरणामुळे मार्च 1987 मध्ये पीटीएल ही आपली प्रसारण-संस्था सोडावी लागली. शिक्षा झाली ती खोल्यांच्या विक्रीसाठी.

दक्षिण कॅरोलायनात फोर्ट मिल इथे पीटीएलचं ‘हेरिटेज यूएसए’ नावाचं विश्रांतिस्थळ होतं. 1,000 डॉलर द्या आणि तिथल्या ग्रँड हॉटेलात दरवर्षी तीन रात्री, तहहयात, मोफत राहा, अशी योजना टीव्हीवरून आणि पत्रांतून विकली गेली. 25,000 सभासदत्वांवर थांबू, असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात विकली 66,683.

आता हिशेब पाहा. हॉटेलात खोल्या सुमारे 500, म्हणजे वर्षाला 1,82,500 खोली-रात्री. 66,683 सभासदांना तीन-तीन रात्री द्यायच्या तर लागतात 2,00,049. एकही खोली दुसऱ्या कोणाला दिली नाही, तरी भागत नाही. दुसऱ्या हॉटेलची 30,000 सभासदत्वं जाहीर करून 68,755 विकली, आणि ते हॉटेल पुरं झालंच नाही. सगळ्या योजनांत मिळून किमान 15 कोटी 80 लाख डॉलर जमले. बांधकामासाठी म्हणून घेतलेला हा पैसा मोठ्या प्रमाणात रोजच्या खर्चात गेला आणि बेकर कुटुंबाच्या चैनीवरही.

‘देव तुम्हाला भरभरून देईल’ या वाक्यावर अमेरिकेत खटला उभा राहणं फार कठीण, कारण धर्मस्वातंत्र्य आड येतं. ‘तीन रात्री देऊ’ हे मोजता येणारं आश्वासन आहे. ते टपालाने आणि प्रसारणातून दिलं गेल्यामुळे टपाल आणि तारयंत्रणेद्वारे फसवणुकीचे कायदे लागू झाले. 1989 मध्ये 24 आरोप सिद्ध होऊन 45 वर्षांची शिक्षा झाली. 1991 मध्ये अपील न्यायालयाने दोष कायम ठेवला, शिक्षा मात्र रद्द केली, कारण शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी स्वतःच्या धर्मभावनेचा उल्लेख केला होता. पुढे ती 8 वर्षांवर आली आणि 1994 मध्ये बेकर सुटले. ज्यांनी आयुष्यभराच्या बचतीतून 1,000 डॉलर काढले होते, त्यांना परत मिळालं ते नगण्य.

आरोग्यदानाच्या सभेत उपदेशकाला अनोळखी माणसाचं नाव आणि आजार कसा कळतो? – एक वाचक, पुणे

प्रत्येक सभेबद्दल बोलता येणार नाही, पण अमेरिकेतले उपदेशक पीटर पोपॉफ यांचं प्रकरण पुराव्यासह उघड झालं आहे. सभेआधी लोकांशी बोलून आणि प्रार्थनेच्या चिठ्ठ्या भरून घेऊन माहिती गोळा होई. त्यांची पत्नी ती बाहेरून रेडिओवर वाचे आणि पोपॉफ यांच्या कानातल्या छोट्या यंत्रात ती ऐकू येई. 1986 मध्ये जादूगार जेम्स रँडी यांच्या सहकाऱ्यांनी स्कॅनर लावून 39.17 मेगाहर्ट्झवर हे संभाषण पकडलं आणि टीव्हीवर ऐकवलं. पुढच्याच वर्षी पोपॉफ यांनी दिवाळखोरी जाहीर केली. नंतर ते टीव्हीवर परतलेही.

महाराष्ट्रात तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. साध्या प्रार्थनेला तो लागू नाही. कर्करोग, मधुमेह यांसारखे आजार मंत्र-तावीजाने बरे होतात अशी जाहिरात करायला 1954 चा केंद्रीय कायदा बंदी घालतो. औषध बंद करायला सांगणाऱ्या कोणाचंही ऐकू नका, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

सासूबाई आमच्याकडे एडिसनला राहतात. एका चॅनलला दरमहा फोनवरून पैसे देतात. त्यांचं मन न दुखवता काय तपासावं? – एक वाचक, न्यू जर्सी

संस्था ‘चर्च’ म्हणून नोंदलेली आहे की धर्मादाय संस्था म्हणून, हे करखात्याच्या संकेतस्थळावर आधी पाहा. धर्मादाय संस्थेला दरवर्षी फॉर्म 990 भरावा लागतो आणि त्यात वरिष्ठांचे पगार दिसतात. चर्चला तो माफ आहे. म्हणूनच सिनेटर चक ग्रासली यांनी 2007 मध्ये सहा टीव्ही-उपदेशकांकडे हिशेब मागितला, तेव्हा जॉइस मायर आणि बेनी हिन यांनी पूर्ण सहकार्य केलं, बाकी चौघांनी तसं पूर्ण सहकार्य केलं नाही. 2011 च्या अहवालानंतर कोणालाही दंड झाला नाही.

फॉर्म नसेल तर संस्था ईसीएफएची सभासद आहे का ते बघा. 1979 मध्ये स्थापन झालेली ही इव्हँजेलिकल संस्थांचीच शिस्तसंस्था आहे. तिच्या सभासदांना किमान पाच जणांचं मंडळ ठेवावं लागतं, त्यात बहुसंख्य स्वतंत्र असावे लागतात, आणि मागितल्यास हिशेब द्यावा लागतो. मंडळावर उपदेशकाचं कुटुंबच बसलेलं असेल, तर पैसे देणं थांबवावं असं आम्हाला वाटतं.

सासूबाईंना द्यायचंच असेल तर कार्डावरची आपोआप वजावट बंद करून दर वेळी चेक द्यावा. नुसतं कार्ड बदलून भागत नाही. संस्थेच्या यादीत नाव राहतं आणि फोन, पत्रं येत राहतात. वजावट थांबवा आणि यादीतून नाव काढा, असं संस्थेला लेखी कळवा आणि त्याची प्रत बँकेला द्या. करसवलत घ्यायची असेल तर 250 डॉलर किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक देणगीची लेखी पावती लागते. देणगीच्या बदल्यात काही वस्तू मिळाली असेल तर तिची किंमत वजा करावी लागते.